तापाच्या साथीत मेंढरांमागे

आमचा जिल्हा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या पावसाळ्यात तापाची साथ आली. परभणीच्या दवाखान्यातले लोक तिला फ्लू म्हणत. माझ्या सासूबाई मात्र तिला मानमोडीच म्हणायच्या. त्यांच्या लहानपणी त्या नावाची साथ येऊन गेली होती आणि तिच्यात त्यांच्या माहेरचं निम्मं घर गेलं होतं. त्यामुळे शेजारी कुणी शिंकलं तरी त्या आमचं दार लोटून घ्यायच्या.

पोखर्णीजवळच्या त्या गावात लग्न होऊन मला जेमतेम दोन पावसाळे झाले होते. सासरी मेंढरं होती, त्यांच्यातच दुधापुरत्या काही शेळ्या. माझ्या माहेरची मेंढरं आजोबांनीच विकून टाकली होती. वडील पूर्णेला रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये कामाला, आणि मी वाढले ती रेल्वेच्या चाळीत. मेंढरू जवळून पाहिलं ते सासरी आल्यावर. तिथंही माझ्याकडे काम घरातलंच. पाणी, दळण, भाकरी आणि सकाळ-संध्याकाळ शेळ्यांचं दूध काढणं. रानात जायचे ते सासरे आणि माझे मालक.

ताप आधी आला तो मालकांना. आषाढातली लोकर कातरायचं काम चाललं होतं. एका मेंढीची एक बाजू कातरून झाली आणि त्यांनी कातर खाली ठेवली. "अंग लय दुखायलंय. जरा पडतो," म्हणाले आणि घोंगडं ओढून जे झोपले ते दुसऱ्या दिवशीही उठेनात. अंग तव्यासारखं तापलेलं. मग सासूबाईंनी अंथरूण धरलं. सासरे तेवढे हिंडते-फिरते होते. "मला काय धाड भरली न्हाई," असं म्हणत एका संध्याकाळी मेंढरं घेऊन आले आणि ती कोंडायच्या वाडग्याच्या दारातच खाली बसले.

घरात उभी राहिले ती मी एकटी. गावातल्या गिरणीवाल्यालाही ताप आलेला, म्हणून पिठाची गिरणी बंद. जात्यावर दळायचं, विहिरीवरून पाणी आणायचं, चूल पेटवायची तर सरपण ओलं. तीन माणसं तीन कोपऱ्यांत कण्हत पडलेली आणि तिघांचं तीन तऱ्हेचं. मालकांना काहीच गिळत नव्हतं. सासऱ्यांना चहा हवा, तोही गुळाचा आणि कडक. सासूबाईंना तर डोळा उघडवत नव्हता, पण कानांनी सगळा कारभार चालू.

"चुलीवर काय उतू चाललंय?"

"कण्या हायत, आत्याबाई."

"मीठ घातलंस का?"

"घातलंय."

"जास्त घातलं असशील."

दवाखान्यातला कंपाउंडर गावात येऊन गेला. चावडीपुढे माणसांची ही झुंबड. पुड्या मिळाल्या, पण बाटलीतलं औषध माझा नंबर येईपर्यंत संपलं. भिजत गेले, भिजत आले. घरात पाऊल टाकलं तर मेंढरांचा एकच कालवा. सकाळपासून ती वाडग्यात कोंडलेली होती. शेजाऱ्यांकडे बघावं तर प्रत्येक घरात कुणी ना कुणी पडलेलं, सांगणार कुणाला? मला रडूच फुटलं. रडत रडतच चूल फुंकली.

सासऱ्यांनी ते पाहिलं असावं. घोंगड्यातून म्हणाले, "सोड मेंढरं."

"मला जमत न्हाई, मामा. माझं ऐकायची न्हाईत ती."

"न ऐकू देत. उपाशी मरण्यापरीस बरं. जा, तू त्यांच्या मागं नुसती हिंड."

तिघांच्या उशाशी पाण्याचे तांबे ठेवले, सासऱ्यांची काठी घेतली आणि वाडग्याचं दार काढलं. मेंढरं अशी उधळली की मी बाजूला झाले म्हणून वाचले. अर्धी कातरलेली, अर्धी लोकरीने फुगलेली, आणि ती एक मेंढी तर एका अंगाने बोडकी, दुसऱ्या अंगाने गुबगुबीत. वेशीपाशी बसलेला एक म्हातारा अंगात ताप असूनही ते बघून हसत होता.

काळ्या रानातल्या चिखलात माझे पाय घोट्याच्या वर रुतत होते. मी सासऱ्यांसारखी हाळी देऊन पाहिली, जीभ टाळ्याला लावून टकटक केलं, शेवटी नुसतं ओरडले. एकानेही मान वर केली नाही. बघता बघता सगळा कळप एका मोठ्या शेतकऱ्याच्या मुगात शिरला.

तो शेतकरी बांधावरून घोंगडं पांघरूनच आला. गावात त्याच्या रागाला सगळेच भीत.

"कुणाची गं मेंढरं? डोळे फुटले का तुझे? कोंडवाड्यात घालतो सगळी!"

मी पदर डोक्यावर ओढला. दुसऱ्या कुठल्या दिवशी माझ्या तोंडातून शब्द फुटला नसता, पण त्या दिवशी मी इतकी बेजार झाले होते की भीतीही उरली नव्हती.

"घाला दादा," मी म्हणाले. "पण तिथवर न्यायची तुमीच. माझं ती ऐकत न्हाईत."

शेतकऱ्याला हसू आलं, हसता हसता खोकल्याची ढास लागली आणि तो मटकन बांधावर बसला. त्यालाही ताप होता. घरच्या माणसांनी उठू नको म्हणून सांगितलेलं, तरी आला होता.

तेवढ्यात मला आमची करडी शेळी दिसली. कळपाच्या पुढे तीच असायची. रोज मी तिचं दूध काढायची, त्यामुळे तिला माझी ओळख होती. बाभळीची एक डहाळी मोडली आणि तिच्या नाकापुढे धरून उलट्या पावलांनी चालू लागले. शेळी डहाळीमागे निघाली. तिच्यामागे एक मेंढी, मग दुसरी, मग सगळाच कळप मुगातून बाहेर आला. आनंदाने माझा ऊर भरून आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी माझं ऐकलं होतं!

"घरची माणसं कुठं गेली तुझी?" शेतकऱ्याने विचारलं. आवाज आता खाली आला होता.

"तापानं पडलेत तिघंबी."

"माझे गडीबी पडलेत. बैलं दावणीला उभी हायत अन् वखर पडून हाय." त्याने ओढ्यापलीकडे हात केला. "त्ये रान रब्बीच्या जोंधळ्याला मोकळं ठिवलंय. वखराची पाळी घालायला माणूस न्हाई, गवत गुडघ्याला लागायलंय. तिथं चारत जा मेंढरं. माझ्या रानातलं गवत जाईल, तुझी मेंढरं जगतील. पण मुगात एक जरी शिरलं तर बघ."

त्या रानाला दोन अंगांनी ओढा आणि तिसऱ्या अंगाला काटेरी कुंपण. मेंढरं जाऊन जाऊन जाणार कुठं! तेव्हापासून रोज मी घरचं उरकून कळप तिथं न्यायची. शेळी पुढे, मी तिच्याजवळ, मेंढरं मागे. दुपारी घरी पळत येऊन तिघांना कण्या आणि शेळीचं दूध द्यायची आणि पुन्हा रानात. कामाने कंबर मोडायची, पण रानात पाऊल टाकलं की छाती मोकळी व्हायची. तिथं कुणी मीठ विचारत नव्हतं. पाऊस उघडला की ओल्या गवताचा वास यायचा, मेंढरं कुरतडत पुढे सरकायची आणि मी दगडावर बसून चाळीतल्या मैत्रिणींबरोबर म्हटलेली गाणी मोठ्याने म्हणायची.

साथ ओसरली. आमच्या गल्लीतली एक म्हातारी गेली. तिच्या घरापुढून जाताना पुढे किती तरी दिवस माझं पाऊल अडखळायचं. आमच्या घरातली तिन्ही माणसं मात्र उठली. सासऱ्यांनी काठी टेकत वाडग्यात जाऊन एकेक मेंढी चाचपून पाहिली, खुरं उचलून पाहिली आणि मालकांना म्हणाले, "पोटं भरलेली हायत." चुलीपाशी मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलले होते.

मालकांना अजून चालवत नव्हतं. चार पावलं टाकली की दम लागायचा. मी आणखी काही दिवस मेंढरांमागे जावं, असं ठरलं. मला तेच हवं होतं.

अशाच एका दुपारी ओढ्याच्या पलीकडून सासूबाई येताना दिसल्या. डोक्याला फडकं बांधलेलं, हातात भाकरीचं गाठोडं. मी धावत जाऊन त्यांना हात दिला.

"कशाला आलात, आत्याबाई? मी आलेच असते की."

"घरात बसून बसून जीव आंबला," त्या म्हणाल्या आणि धापा टाकत दगडावर बसल्या. गाठोडं सोडलं. भाकरी, तिखट, कांदा. त्यांनीच थापलेली भाकरी, कडेला थोडी करपलेली.

"जाळ जरा जास्त झाला," त्या म्हणाल्या.

"चांगली झालीय."

लग्न होऊन आल्यापासून आम्ही दोघी एका ताटात कधी जेवलो नव्हतो. घरात आधी पुरुषांची पंगत, मग त्या, मग मी. त्या दिवशी एकाच फडक्यावरची भाकरी दोघींनी मोडून खाल्ली. खाता खाता त्यांनी मला रेल्वेच्या चाळीबद्दल विचारलं: रात्रभर गाड्या ये-जा करतात तर तिथं झोप कशी लागते? मी सांगत राहिले आणि त्या ऐकत राहिल्या. मेंढरं दूर गेली तेव्हा मी उठायला लागले, तशी त्यांनी माझा हात धरून मला खाली बसवलं.

"बस जरा. मी बघते," म्हणाल्या, आणि बसल्या जागेवरूनच अशी खणखणीत हाळी दिली की सगळा कळप माघारी वळला.