विलासदादाची फ्लॉपी

आधीच सांगून टाकते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. अजिबातच नाही. आमच्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जीभ अजून वळत नाही) शनिशिंगणापूरला घरांना दारं नसतात म्हणतात. आणि मी संगमनेरच्या ज्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सची लॅब सांभाळते, तिथे दोन-दोन कुलपं लावूनही मल्टिमीटरला पाय फुटतात! त्यामुळे काही विचित्र घडलं की माझा पहिला संशय माणसांवर, दुसरा लूज कनेक्शनवर. या ग्रुपवरचे अमावास्येचे अनुभव मी चहा पिता पिता वाचते आणि मनातल्या मनात प्रत्येकाला एक सुटलेली वायर शोधून देते. माझ्या स्वतःच्या घरी जे झालं, त्याची वायर मात्र मला वर्षभर शोधूनही सापडलेली नाही... म्हणून लिहायला बसले.

थोडं मागं जावं लागेल. आमचे अप्पा राहात्याजवळच्या एका साखर कारखान्यात फिटर होते. आम्ही कारखान्याच्या कॉलनीत दोन खोल्यांत राहायचो — अप्पा, आई, विलासदादा आणि मी. दादा सतरा वर्षांचा, मी दहाची. कारखान्यातले एक साहेब नोकरी सोडून परदेशी गेले तेव्हा त्यांनी आपला घरगुती कॉम्प्युटर अप्पांना देऊन टाकला. तो काळ असा, की कॉलनीत टीव्हीसुद्धा मोजके. हा कॉम्प्युटर म्हणजे एक जाडजूड कीबोर्ड, तो टीव्हीला जोडायचा, आणि शेजारी फ्लॉपीचा ड्राइव्ह. ज्यांनी फ्लॉपी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते — पातळ, चौकोनी, काळी पाकिटासारखी वस्तू, आत तपकिरी चकती. लिहिलेलं सगळं त्या चकतीवर राहायचं.

दादा त्या यंत्राच्या नादी पुरता लागला. माझं काम ड्राइव्हच्या लाल दिव्यावर लक्ष ठेवायचं. दिवा विझला की मी ओरडायचे, मग तो फ्लॉपी काढायचा. त्या वर्षी श्रावणापासून तो चौकटीच्या कागदावर पेन्सिलीनं टिंबं भरत बसलेला असायचा. यंत्राला मराठी येत नव्हती ना, फक्त इंग्रजी अक्षरं. हा एकेक मराठी अक्षर टिंबाटिंबांनी बनवत होता. काय लिहिणार म्हणून विचारलं तर म्हणायचा, "दसऱ्याला दाखवीन. आत्ता न्हाई."

आणि खंडेनवमी आली. कारखान्यात त्या दिवशी सगळ्या मशिनरीची पूजा, पान्यांपासून क्रेनपर्यंत. घरी विळा, पाटा, अप्पांची सायकल, आईचं शिलाई मशीन. दादा अंघोळीला गेला होता. मला वाटलं, दादाचं हत्यार तेवढं राहिलंय. कालवलेलं हळदी-कुंकू घेऊन मी कीबोर्डला बोट लावलं, ड्राइव्हला लावलं, आणि फ्लॉपीला लावायला गेले. फ्लॉपी सगळी काळी, त्यावर कुंकू उठून दिसेना. मधे एक लांबट खिडकी असते, तिथून आतली चकती दिसते, चकचकीत. तीच जागा मला बरी वाटली. वर दोन अक्षताही चिकटवल्या.

दादानं अक्षता झटकल्या असतील, ओलं कुंकू काही त्याच्या लक्षात आलं नसावं. फ्लॉपी आत गेली आणि ड्राइव्ह खरखरला. त्यानं बाहेर काढून बघितली... त्याचा चेहरा मला आजही आठवतो. "कुनी लावलं हे?" मी दाराआड. तेवढ्यात आई पुरणाच्या हातांनी बाहेर आली आणि म्हणाली, "मी लावलं. देवाचं हाय, त्याला काय व्हतंय?"

तो आईला खूप बोलला. त्याआधी कधी बोलला नव्हता. मग अप्पांची सायकल काढली आणि शिर्डीला निघाला. तिथे त्याच्या एका मित्राकडे जुनी कॉपी होती म्हणे, अर्धीमुर्धी. मनमाड रोडवर ट्रकनं त्याला उडवलं.

पुढचं लिहीत नाही. त्यानंतर आमच्या घरात पुन्हा कधी खंडेनवमी झाली नाही. आई अधूनमधून आल्यागेल्याला सांगायची, "माझ्या हातानं गेला. मीच लावलं हुतं कुकू." आणि मी तिथेच बसून ऐकायचे. लहान होते तोवर भीतीनं गप्प, मोठी झाल्यावर लाजेनं गप्प. आईला वाटलं असणार, आपण न बघता केव्हातरी आपलाच हात तिथं लागला, असं मी स्वतःला समजावायचे. चाळीसेक वर्षं एखादी गोष्ट न सांगता राहता येतं... मी राहिले.

आता मागच्या वर्षीचं. आई माझ्याकडे संगमनेरलाच असायची. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पट्टी निघाली आणि पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, "मंगल, आता नीट दिसतंय तर ईलासचं ते एकदा चालू कर की. काय करत हुता बघू दे. पुन्हा दिसंल न दिसंल."

कॉम्प्युटर आणि फ्लॉपी मी जपून ठेवले होते, ट्रंकेत, दुलईत गुंडाळून. कीबोर्ड चक्क चालू झाला. ड्राइव्ह मात्र मेला होता — आतल्या रबरी पट्ट्याचं डांबर झालेलं, चकती वाचणारं हेड गंजलेलं. मग मी ठरवलं, ड्राइव्हच बनवायचा. आजकाल जगभर हौशी लोक हे करतात. एक छोटा बोर्ड बनवायचा, त्यात मोबाईलमध्ये असतं तसं मेमरी कार्ड. फ्लॉपीवरचा मजकूर कार्डावर घ्यायचा आणि बोर्डानं जुन्या कॉम्प्युटरसमोर ड्राइव्हचं सोंग करायचं. त्या बिचाऱ्याला कळतच नाही समोर चकती फिरतेय की नुसतं कार्ड आहे. ऐकायला सोपं आहे. पहिला बोर्ड पाच व्होल्टची लाइन चुकीच्या जागी देऊन मीच जाळला. दुसरा बोर्ड उत्तर द्यायची वेळ चुकवायचा. तिसऱ्यात मी घड्याळाची चिप बसवली आणि प्रत्येक मागणीची नोंद ठेवायची सोय केली — कॉम्प्युटरनं किती वाजता कुठला ट्रॅक, म्हणजे चकतीवरचं कुठलं वर्तुळ, मागितला, सगळं कार्डावरच्या एका फाइलीत. सात महिने गेले. आई रोज विचारायची, "झालं का गं?" आणि मी तिच्यावर खेकसायचे, "भाकरी आहे का ती, टाकली की फुगली?"

बोर्ड झाला. माझे चाचणीचे प्रोग्राम धडाधड चालले. मग फ्लॉपी. पाकीट कापलं, चकती बाहेर काढून हलक्या हातानं धुतली, पुण्याहून उसन्या आणलेल्या चालू ड्राइव्हवर एकदाच फिरवली. एकदाच, कारण दुसऱ्यांदा ती टिकली नसती.

काही नव्हतं तिच्यावर. कुंकवाचे कण हेडखाली रगडले जाऊन चकतीचा लेपच खरवडला गेला होता. चाळीसच्या चाळीस ट्रॅक गेलेले. जिथे वाचता येत नाही तिथे शून्य भरायचं अशी सोय मी केली होती, त्यामुळे माझ्या हाती आली ती शून्यांनी भरलेली फाइल. पहिल्या शून्यापासून शेवटच्यापर्यंत मी ती दोनदा तपासली आणि लॅबच्या बाथरूममध्ये जाऊन रडले.

तरी घरी आल्यावर कार्ड बोर्डात घातलं. आईला डोळ्यांनी दिसावं की आपण प्रयत्न केला. मंगळवार होता, दुपारचे चार. हॉलमध्ये स्वच्छ ऊन. टीव्हीवर अपेक्षेप्रमाणे डिस्क एरर आली. "बघ आई, गेलंय सगळं," मी म्हणाले. ती नुसती टीव्हीकडे बघत बसली. मला तिथे थांबवेना. गोळ्या संपल्यात म्हणून सांगितलं आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले. टीव्ही तसाच चालू ठेवून.

पंधरा-वीस मिनिटांत परत आले. आई खुर्चीतून उठून टीव्हीजवळ उभी होती, काठीशिवाय. पडद्यावर तीच एरर.

"आलतं," ती म्हणाली.

"काय आलं होतं?"

"ईलासचं. आदी निस्तं टिपकं टिपकं आलं. मंग अक्षरं. तुझं नाव हुतं, मंगल. मोटं, पांढरं. लई येळ हुतं, मग गेलं." आणि म्हणाली, "पर वरची रेघ सलग न्हवती बग. दर अक्षराची येगळी. तुटक तुटक."

मी तिला बसवलं, पाणी दिलं. म्हातारं माणूस, तेच ते मनात घेऊन बसलेलं, डोळा लागला असेल, स्वप्न पडलं असेल — हे सगळं मीही म्हणून घेतलं. पण ती तुटक रेघ डोक्यातून जाईना. या यंत्रावर अक्षराला आठ टिंबांची रुंदी मिळते. इंग्रजी अक्षरांमध्ये शेवटचं टिंब फटीसाठी रिकामं सोडतात. नवखा माणूस मराठीतही तेच करतो आणि मग शिरोरेषा जुळत नाही, प्रत्येक अक्षराची तुटून वेगळी पडते. आईचं शिक्षण चौथी. हे तिला कोण सांगणार? मीसुद्धा कधी बोलले नव्हते.

कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. फाइल तीच, सगळी शून्यं, एकही अक्षर बदललेलं नाही. मग नोंदी उघडल्या. मी घरात असताना कॉम्प्युटरनं पहिला ट्रॅक मागितला होता, दहा वेळा, आणि एरर देऊन थांबला होता. तसंच व्हायला हवं. त्यानंतर चार वाजून बारा मिनिटांनी त्यानं पुन्हा पहिला ट्रॅक मागितला. एकदाच. मग दुसरा. मग तिसरा... ओळीनं चाळिसाव्यापर्यंत. प्रत्येक मागणीला माझ्या बोर्डानं शून्यंच पाठवल्याची नोंद आहे. पहिल्यालाच अडायला हवं होतं. तो अडला नाही, हवं ते मिळत गेल्यासारखा वाचत गेला. आणि कुणीतरी कमांड दिल्याशिवाय तो मुळात वाचायला लागतच नाही. आई म्हणाली, तिनं हात लावला नाही. मला ते पटतं. तिला साधा टीव्हीचा रिमोट कळत नव्हता.

त्याच वेळी, नोंदी समोर असताना, माझं अवसान गेलं. मी म्हणाले, "आई, फ्लॉपीला कुंकू तू नव्हतं लावलं. मी लावलं होतं."

"ठावं हाय मला."

मला वाटलं तिला ऐकू आलं नाही. मी पुन्हा म्हणाले.

"ठावं हाय गं. त्याच्यावर बोट उटलं हुतं ना. हरबऱ्यायेवडं. माझं बोट तसलं कुटलं?"

"मग... मग तू का म्हणालीस, मी लावलं म्हणून?"

"तो लई तापलेला. म्हनलं, पोरीला हानंल. म्हनून आपल्या अंगावर घेतलं." ती पदराशी चाळा करत होती. "सांजच्याला सांगनार हुते त्याला. राग उतरल्यावर. दोगं हसलो असतो."

"मला तरी सांगायचं होतंस," मी म्हणाले. आई म्हणाली, "मंग तू तरी काय करनार हुतीस कळून? तुला सारा जनम काडायचा हुता. येकीनं वझं न्हेलं, बास झालं." आणि मग, माझ्याकडे न बघता, "मला वाटलं हुतं माझं नाव आसंल. माझंच कायतरी करतोय म्हनून मी त्याला कंदी इचारलं न्हाई."

ती पाच महिन्यांपूर्वी गेली. झोपेतच, त्रास नाही झाला.

त्या मंगळवारानंतर मी काय काय करून बघितलं हे लिहिलं तर इथली तंत्रज्ञ मंडळीही कंटाळतील. तारा बदलल्या. पॉवर सप्लाय बदलला. तेच कार्ड, तोच बोर्ड, तीच वेळ. दर वेळी दहा मागण्या आणि एरर. कॉलेजातल्या दोघा सहकाऱ्यांना नोंदींची फाइल दाखवली. एक म्हणाला बोर्डाच्या प्रोग्राममध्ये बग, काहीतरी चूक, असेल. असेल. बग असला तर तो चाळीस ट्रॅक ओळीनं वाचायला एकदाच का यावा, हे त्यालाही सांगता आलं नाही. आणि बगला माझं नाव कसं माहीत?

कुणाला यातलं काही कळत असेल तर जरूर सांगा. मी रागावणार नाही. वेड्यात काढलंत तरी चालेल. आईला दिसलं, तिचं समाधान झालं, मला नाही दिसलं म्हणून काही बिघडत नाही, असं मी भेटेल त्याला सांगते. खोटं सांगते. दादानं माझ्यासाठी काय लिहिलं होतं ते मला एकदा, स्वतःच्या डोळ्यांनी, बघायचंय.