पायात येतं की हातात

फौजेत मी ई.एम.ई.मध्ये व्हेईकल मेकॅनिक होतो. म्हणजे बंदूक कमी आणि पाना जास्त. हवालदार असताना माझी पोस्टिंग उत्तरेकडच्या एका डोंगरी रस्त्यावर, ट्रान्सपोर्ट प्लाटूनबरोबर होती. बारा गाड्या, बारा ड्रायव्हर आणि मेकॅनिक मी एकटा. लॉगबुकात माझी सही पडल्याशिवाय गाडी गेटबाहेर जात नसे.

दिवस ठरलेला असे. ०५३० ला फर्स्ट परेड. हवा, पाणी, तेल, नट, दिवे. ०६३० ला गाड्या बाहेर, दुपारी परत. परतताना कॅम्पच्या अलीकडे एक नाला लागे. ड्रायव्हर गाडी थेट त्या पाण्यात घालत, कारण मळकी गाडी लाइनवर लावली तर सुभेदार साहेब सगळ्यांसमोर खरडपट्टी काढत. उतारावर ब्रेक मारून मारून चाकामागची लोखंडी डिस्क तापलेली असे, आणि तिच्यावर एकदम बर्फाचं पाणी. तापल्या तव्यावर पाणी ओतावं तसं. डिस्क वाकडी झाली की ब्रेक दाबताना पेडल पायाला धक्के देतं आणि स्टेअरिंगही थरथरतं. त्रास होतो, पण गाडी लगेच दगा देत नाही. त्यामुळे ही तक्रार आली की मी नाल्याला शिव्या घालायचो आणि सही करायचो.

नाईक मिलिंद गायकवाड खालापूरजवळच्या गावचा, मी पळसदरीचा. अख्ख्या प्लाटूनमध्ये रायगडचे आम्ही दोघंच. चारचौघांत तो मला उस्ताद म्हणे, दोघंच असलो की भाऊ. रजेवरून येताना बायकोने, म्हणजे रमावहिनींनी, दिलेल्या तांदळाच्या पापड्या आणायचा आणि त्या माझ्यापासून लपवून ठेवायचा. त्या मला नेहमी सापडायच्या.

एका सकाळी एका आजारी जवानाला खाली हॉस्पिटलात पोचवायचं होतं. ०६१० ला मिलिंद जिप्सी घेऊन माझ्याकडे आला.

"भाऊ, ब्रेक दाबला का स्टेरिंग थरथरतंय."

"पायात येतं की हातात?"

"पाय गप हाय. हातातच हाय."

त्याने बरोबर उत्तर दिलं होतं. पेडल गप आणि हात मात्र थरथरतो, म्हणजे डिस्क सोडून दुसरीकडे बघायला हवं. चाक वळवणाऱ्या दांड्यांचे सांधे आधी बघायचे. हे मी स्वतः नव्या मेकॅनिकांना शिकवत असे. चाक जॅकवर उचलून हलवून बघायला दहा मिनिटं लागली असती. पण माझ्या डोक्यात तो नाला बसला होता. मी म्हणालो, "नाल्याचं दुखणं आहे. जा तू." सही केली. ०६१५.

०७४० ला रेडिओ वाजला.

"जिप्सी ऑफ रोड. ड्रायव्हर फेटल. पेशंट सेफ. ओव्हर."

"से अगेन ड्रायव्हर. ओव्हर."

"ड्रायव्हर फेटल. ओव्हर."

फेटल म्हणजे जागीच ठार. गाडी ओढून आणणाऱ्या रिकव्हरी पार्टीबरोबर मीच गेलो. डाव्या चाकाचा टाय रॉड एंड, म्हणजे तोच सांधा, निखळून लोंबत होता. आतला गोळा झिजून गुळगुळीत झाला होता. एका दिवसात असं झिजत नाही. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी जे होतं ते सांगितलं. शिक्षा झाली, ती भोगली. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण मिलिंदला घरी घेऊन मीच आलो होतो. रमावहिनींनी दारातच विचारलं, कसं झालं? मी म्हणालो, रस्ता खचला. तेव्हा ती बाई उभी राहावी म्हणून बोललो असं मी स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे मी घाबरलो होतो. एकदा बोललो ते बोललो, आणि सतरा वर्षं तेच चालू राहिलं.

पेन्शनला आलो तेव्हा नायब सुभेदार होतो. कर्जत-खोपोली रस्त्याला पत्र्याची शेड घातली आणि गॅरेज चालू केलं. मिलिंदची मुलगी प्रज्ञा आता रसायनीच्या एका कारखान्यात लॅबमध्ये असते. तिने चौदा वर्षं जुनी एक कार घेतली आहे. गेल्या महिन्यात एका मंगळवारी १३२० ला ती कार माझ्या दारात आली. शेजारी रमावहिनी बसलेल्या. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या मिलिटरी हॉस्पिटलात वहिनींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं आणि संध्याकाळी पाचपर्यंत ॲडमिट व्हायचं होतं. म्हणजे घाट चढायचा, आणि परवा डोळ्याला पट्टी बांधलेल्या आईला घेऊन तोच घाट उतरायचा.

प्रज्ञा म्हणाली, "काका, ब्रेक मारला की स्टेअरिंग थरथरतंय. दोन महिन्यांपूर्वी डिस्क नव्या टाकल्या, तरी परत तेच. तुम्ही फक्त बघा आणि सांगा, जाऊ का?"

मी विचारलं, "पायात येतं की हातात?"

"दोन्हीकडे."

म्हणजे डिस्क. मला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच भीती वाटली. गाडी कधी धुतेस, असं विचारलं. ती म्हणाली, घरी आल्या आल्या, चाकांपासून. पप्पांची शिस्त होती, आईने पुढे चालवली. एक्स्प्रेसवेवरून तापून आलेल्या चाकांवर रोज पाइपचं गार पाणी. फौजी घराशिवाय ही चूक कोण करणार? नव्या डिस्क दोन महिन्यांत का वाकल्या ते कळलं. मी तिला सांगितलं, आधी अर्धा तास गाडी उभी ठेवायची, मग पाणी.

ती हसली. "मग झालं तर. डिस्कच आहे ना? परत आल्यावर बदलू. निघतो आम्ही."

"नाही. चाक उचलून बघतो."

"काका, दीड वाजून गेला."

"किल्ली दे."

माझा आवाज चढला होता. वहिनी गाडीतून उतरल्या. भावजी, येवढं काय झालं, म्हणून विचारू लागल्या. प्रज्ञाने किल्ली मुठीत धरलेली. नुसता हुकूम करून ती किल्ली मिळणार नव्हती, आणि तिला जाऊ देणं मला शक्य नव्हतं. मी दोघींना बाकावर बसवलं आणि त्या सकाळचं सगळं सांगितलं. मिलिंदने काय तक्रार केली, मी काय म्हणालो, सही किती वाजता केली. रस्ता खचला नव्हता, हेही सांगितलं. तीन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

प्रज्ञाने किल्ली बाकावर ठेवली.

१३४० ला उजवं चाक जॅकवर घेतलं. वरून खालून धरून हलवलं, बेअरिंग ठीक. डिस्कला डायल गेज लावून चाक फिरवलं, काटा नाचला. डिस्क वाकडी होतीच. टाय रॉडच्या सांध्यालाही मला किंचित ढिलाई लागल्यासारखी वाटली, पण माझ्या हातावर माझा भरवसा उरला नव्हता. मी प्रज्ञाला बोलावलं. चाकामागच्या त्या सांध्यावर तिचा तळवा ठेवायला लावला आणि चाक डावीउजवीकडे हलवलं.

"काय लागतंय?"

"टकटक लागतंय काका. आत काहीतरी हलतंय."

सांध्यावरचा रबराचा बूट फाटला होता, आतलं ग्रीस वाळून गेलं होतं. डिस्कच्या थरथरीखाली दुसरी थरथर लपून बसली होती. तो सांधा घाटात सुटला असता की अजून महिनाभर टिकला असता, ते मला सांगता येणार नाही. तेव्हाही आलं नव्हतं. मी म्हणालो, गाडी ऑफ रोड. ही आज गेटबाहेर जाणार नाही. पुतण्याला फोन करून त्याची गाडी मागवली. त्याला यायला वीस मिनिटं होती.

तेवढ्यात प्रज्ञाने फडक्याला हात पुसत विचारलं, "हा सांधा सुटल्यावर गाडी वळणारच नाही ना? मग पप्पांची गाडी दरीत का नाही गेली?"

सतरा वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. रस्ता खचला म्हटल्यावर कोण विचारणार?

मी सांगितलं. त्या वळणावर डावीकडे दरी होती आणि उजवीकडे कडा. डावं चाक सुटलं. उजवं तेवढं त्याच्या हातात उरलं. मागे स्ट्रेचरवर आजारी जवान बांधलेला. टायरचे वळ मी रस्त्यावर पाहिले होते. आधी डावीकडे, दरीकडे ओढ, आणि मग तिथून सरळ उजवीकडे. त्याने गाडी कड्यावर घातली. ड्रायव्हर उजवीकडे बसतो, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. मागच्या जवानाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. दोन महिन्यांनी तो बरा होऊन ड्यूटीवर आला.

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. त्या डोळ्यांना मी कितपत दिसत होतो, कोण जाणे.

"तुमच्या सहीचं काय ते मी मागून बघीन," त्या म्हणाल्या. "पन हे तुमी आमच्यापासनं लपवून ठिवलंत? पोरगी ल्हान असताना इचारायची, पप्पा कसे गेले. मी काय सांगायची, ठाव हाय का तुमाला? रस्ता खचला."

माझी चूक झाकायला जे पांघरूण घातलं, त्याखाली त्याचंही सगळं झाकलं गेलं होतं. याची शिक्षा मला कुठल्याही कोर्टाने दिली नव्हती.

प्रज्ञा माझ्यासमोर बाकावर बसली. "काका, परत सांगा. टायरच्या वळांपासून."

पुतण्याची गाडी १४२० ला आली. त्याला हॉर्न वाजवू नको म्हणून हात केला आणि परत सांगितलं. नाईक मिलिंद गायकवाड, वय एकतीस. साडेसातच्या सुमारास, त्याने गाडी उजवीकडे घेतली.