देवाऱ्याची उंची

"पानी? आमच्या घरान? कवा?"

माझ्या सख्ख्या आईनं मला आमच्याच दारात हे विचारलं, तेव्हा माझ्या हातात मोजायची टेप होती आणि मागे आमच्या ऑफिसचे साहेब वही उघडून उभे होते. ज्या पुरात आमच्या गाद्या गेल्या, टीव्ही गेला, तांदळाचं पिंप आडवं होऊन अंगणात तरंगलं, त्या पुराबद्दल आम्ही विचारत होतो. मी म्हटलं, "आये, अगं तूच मला माळ्यावर ढकललंस ना त्या दिवशी!" तर म्हणते, "तवा जरा अंगन ओलं झालतं." ओलं! साहेबांनी निमूटपणे 'अंगण ओले' असं लिहून घेतलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

आमची गल्ली पनवेलच्या कोळीवाड्यात, खाडीच्या अंगाला. मी तेव्हा नवीन पनवेलच्या एका लहानशा ऑफिसात नकाशे काढायचे. शहराचं नियोजन करणाऱ्यांनी आम्हाला एक काम दिलं होतं. पाऊस आता पूर्वीसारखा राहिला नाही, एकदम कोसळतो. समुद्रही हळूहळू वर सरकतोय. तर असा पाऊस आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली, तर पाणी कुठल्या घरात किती चढेल ते रंगवून द्या, असं त्यांचं म्हणणं. जिथं नकाशा लाल, तिथं धोक्याचा भोंगा, मोठा नाला, उंचावर निवाऱ्याची जागा, हे सगळं आधी होणार होतं. त्यासाठी मागच्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं, हे घरोघर विचारत फिरायचं.

पण खरं सांगेल कोण? पुरानंतर तलाठी पंचनाम्याला आले, तेव्हा हीच माणसं गळ्याशी आडवा हात धरून पाणी दाखवत होती. आता नकाशाचं नाव निघताच सगळ्यांचं पाणी घोट्याच्या खाली उतरलं. भिंतीवरची चिखलाची रेघ तर पहिल्याच दिवाळीला रंगाखाली गेलेली. घर लाल रंगात गेलं की भाडेकरू येणार नाही, पोराला कोणी मुलगी देणार नाही, ही एकच भीती.

आमच्या आईचं दुखणंही तेच होतं. माझा धाकटा भाऊ उरणला बंदरात कामाला होता आणि तिथलीच एक मुलगी त्याच्या मनात भरली होती. आमच्यासारखंच कोळ्याचं घर, मुलीची आई उरणच्या बाजारात मासळी विकणारी, माझी आई पनवेलच्या. मुलीलाही तो पसंत होता. आता फक्त त्यांची माणसं घर बघायला यायची राहिली होती. याआधीचं एक स्थळ 'पान्यातलं घर' म्हणून मोडलं होतं, आणि नंतर कितीतरी दिवस माझा बडबड्या भाऊ खाली मान घालून जेवायचा. त्याचं हे लग्न मोडू नये म्हणून आई देवालासुद्धा खोटं सांगायला तयार होती, असं मला वाटायचं. तिथंच मी चुकले.

"ऐक गो," भात वाढता वाढता आई मला म्हणाली, "पोराचं लगीन होऊ दे. मग तुजा नकाशा लाल कर, हिरवा कर, नाय तर चुलीत घाल."

"पाणी काय त्याच्या लग्नाच्या तिथीची वाट बघणारेय?"

"तुला भावाची माया नाय!"

झालं! पुढे दोन दिवस आम्ही मायलेकी फक्त भांड्यांच्या आवाजात बोललो. मला तिचा भयंकर राग आला होता, आणि ती फक्त माझ्याच बशीत बोंबलाचे मोठे तुकडे वाढत होती. अशा बाईशी भांडायचं तरी कसं?

मग एकदा शेजारच्या वहिनींकडं चहा पीत बसले होते. दिवेलागणीची वेळ. वहिनींनी स्टूल ओढलं, त्यावर चढल्या आणि वरच्या देवाऱ्यात दिवा लावला. मी विचारलं, "एवढा वर का हो देवारा?" म्हणाल्या, "असाच." दुसऱ्या घरात गेले, तिथंही स्टूल. तिसऱ्यात लोखंडी खुर्ची. मग मला आठवलं, लहानपणी मी आमच्या देवाऱ्यासमोर मांडी घालून बसायचे. आता आईसुद्धा स्टुलावर चढून हळद-कुंकू वाहते. पुरानंतर अख्ख्या गल्लीनं आपापले देव उचलून वर नेले होते. तोंडानं काहीही सांगतील, पण एकदा पाण्यातून काढलेले देवांचे टाक परत तिथंच मांडायची कोणाची छाती होईल?

दुसऱ्या दिवसापासून मी पाण्याचं नावच सोडलं. "देवाऱ्याची उंची घेऊ का?" एवढंच विचारायचे. लोक हौसेनं आत बोलवायचे. देवाऱ्याच्या फळीखाली टेप लावली की पाणी कुठवर आलं असेल त्याचा अंदाज यायचा, आणि मग बोलता बोलता म्हातारी माणसं खरंही सांगून टाकायची. साहेबांना आधी ती थट्टा वाटली. नंतर तेही दारात बूट काढून, हात जोडून आत यायला लागले. प्रसादाचे इतके पेढे खाल्ले त्यांनी, की बायकोनं म्हणे घरात साखर बंद केली.

गल्लीतली घरं एकेक करून लाल होत गेली. मधे एकच पांढरा चौकोन राहिला, आमचा. साहेबांनी नुसतं त्यावर बोट ठेवून माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "रविवारी पाहुणे येतायत. त्यानंतर."

रविवारी मुलीची आई आणि मामा आले. आईनं घर असं लख्ख केलं होतं की बघत राहावं, आणि स्टूल मोरीच्या दाराआड लपवलं होतं. पोहे झाले, चहा झाला, मासळीच्या भावावरून हसणं-खिदळणं झालं. भाऊ लाजून नुसता पंख्याकडं बघत होता. उठता उठता मुलीची आई म्हणाली, "देवाच्या पाया पडतं."

देवाऱ्यापाशी गेली. हात वर केला, तो फळीपर्यंत पोचेना. तिनं मान वर करून एकविरेच्या टाकाकडं बघितलं, मग भिंतीवरून नजर खाली फरशीपर्यंत आणली.

"किती आलतं?" तिनं विचारलं.

"कोन?" आईचा आवाज बारीक झाला.

"पानी, बाय. आमचं घर पन खाडीवरच हाय. आमचे देव पन असेच वर हाईत." ती हसली. मग हसू गेलं आणि ती आईच्या अगदी समोर येऊन उभी राहिली. "देवांना वर ठेवलंस, चांगलं केलंस. माज्या पोरीला कुटं ठेवशील?"

भावाची मान खाली गेली. मामा कपातला संपलेला चहा पुन्हा पीत राहिला. आईनं पदर डोळ्यांना लावला, आणि मग माळ्याकडं हात केला.

"थितं ठेवीन. आदी तिला वर चढवीन, मग देवांना. शब्द हाय माजा." मग माझ्याकडं वळली. "आन ती तुजी टेप. बगते काय अशी?"

टेपचं एक टोक तिनं स्वतः पायाखाली दाबलं, दुसरं छातीला लावलं आणि पाहुण्यांदेखत ओरडली, "हितपर्यंत आलतं! लिव!"

लग्न ठरलं. मुलीच्या आईची एकच अट होती, माळ्याला धड जिना हवा. भावानं लोखंडी जिना बसवला आणि मी आमचा चौकोन लाल केला. पुढे गल्लीच्या टोकाला भोंगाही आला. आई त्याला नावं ठेवायची, चाचणीला वाजला की कुत्री भुंकतात म्हणून.

काही वर्षांनी एका दुपारी तो खराखुरा वाजला. भाऊ उरणला कामावर, मी घरी, भावजयीला सातवा महिना. भरतीचं पाणी बघता बघता उंबऱ्यावरून आत आलं. आईनं भावजयीला पुढे घातलं, मागून दोन्ही हातांनी आधार देत एकेक पायरी चढवली. पोटाचा भार, ओला जिना, वेळ लागला. वर पोचवून ती देवांसाठी पुन्हा उतरायला लागली, तोवर खाली कमरेच्या वर पाणी होतं आणि त्याला ओढ होती. मी आणि भावजयीनं मिळून तिचा पदर धरून ठेवला. त्या खेपेला पाणी जुन्या खुणेच्या वर गेलं, देवाऱ्याच्याही वर.

पाणी ओसरल्यावर आई चिखलात बसून टाक शोधत होती. सगळे सापडले. चिंच लावून घासले, पुसले आणि मांडीवर घेऊन ती त्यांच्याशी बोलत बसली. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते.

"रागावू नका," आई देवांना सांगत होती. "मी विहिनीला शब्द दिलता."