इंजिनावरचा तळहात

मारेगावात वणी रस्त्याला धर्मपाल नगराळेचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे टिनाचं छत, बाजूला एक कडुनिंब, आणि निंबाखाली एक मोडका बाक. बाक माझा. विकत घेतलेला नाही, पण गेली अकरा वर्षं सकाळी दहा ते पाच त्यावर दुसरं कोणी बसल्याचं मला माहीत नाही. घरी सुना कामाच्या, नातवंडं शाळेत, मी आपला धर्मपालकडे. माझा त्याला कंटाळा येतो का, हे त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

धर्मपाल आता एकसष्टचा. तो एकोणीसचा असल्यापासून मी त्याला ओळखतो. राळेगावच्या एका जिनिंगमध्ये मी फिटर होतो आणि हा यंत्रांना तेल द्यायला लागला होता. तेव्हाची एक गोष्ट सांगतो आणि मग गाडीकडे येतो. एका दुपारी यानं चालत्या यंत्राच्या बेअरिंगवर तळहात ठेवला आणि मला म्हणाला, "बापूजी, हे चार वाजेपर्यंत जाते." मी हसलो. सकाळीच मी त्या बेअरिंगला पेचकस लावून, त्याची मूठ कानाशी धरून ऐकलं होतं, काही नव्हतं. पावणेचारला बेअरिंग जाम झालं आणि सरक्यांच्या ढिगावर धूर दिसायला लागला. मालकानं मला विचारलं, "तुम्ही काय करत होते?" मी खरं सांगितलं, "हसत होतो."

तेव्हापासून बेचाळीस वर्षं त्याच तळहातावर त्याचं घर चाललं. गाडी दुरुस्त झाली की तो इंजिन चालू करायला लावायचा, उजवा हात पुसायचा, इंजिनावर ठेवायचा, डोळे मिटायचा. मग म्हणायचा, "जा." हा "जा" ऐकल्याशिवाय मारेगाव-झरीतला माणूस गाडी हलवत नसे.

आता जे सांगतो ते मला तेव्हा माहीत नव्हतं, पण तुमच्यापासून कशाला लपवू. सात-आठ महिन्यांपासून तो तळहात मेला होता. शुगर होती, डॉक्टर म्हणाले नसा गेल्या. आधी पायाला मुंग्या, मग बोटं, मग हात. हे फक्त त्याच्या बायकोला, तुळसाबाईला माहीत होतं, आणि तेही त्यानं सांगितलं म्हणून नाही. एका संध्याकाळी जेवायला बसताना तिला त्याच्या हातावर बोराएवढा फोड दिसला. गरम सायलेन्सरला हात लागला होता आणि याला पत्ताच नव्हता. तरी रोज डोळे मिटून हात ठेवणं आणि "जा" म्हणणं चालू होतं. साध्या गाड्या कानानं आणि सवयीनं निभत होत्या. एखादी अशी येईल की तिथं हातच लागेल, ही भीती घेऊन तो रोज शटर उघडायचा. थकल्यासारखा दिसायचा. मला वाटे, वय.

दिवाळीनंतर ती गाडी आली. मुकुटबनचा इंद्रजित, त्याच्या दोन जेसीबी चालतात. त्यानं लाल रंगाची जुनी गाडी घेतली, नागपूरला नेऊन तिच्या कॉम्प्युटरमध्ये काहीतरी भरून आणलं आणि ताकद दीडपट केली. इंजिन पुढं आडवं बसवलेलं, ओढायचं कामही पुढच्याच दोन चाकांचं. अॅक्सिलरेटर दाबला की इंजिन खाटेवरून दचकून उठल्यासारखं मागं कलायचं, खालून धाडकन आवाज यायचा आणि चाकं रस्त्यावर टणटण उड्या मारायची. इंजिन ज्यावर टेकलेलं असतं त्याला आमच्याकडं फाउंडेशन म्हणतात. लोखंडात बसवलेलं जाड रबर. दोन बाजूंना दोन आणि खाली एक. तिन्ही फाटले होते.

इंद्रजितनं नवे कुरिअरनं मागवले होते. पिवळे, रबराचे नव्हेत, बैलाच्या खुरासारखे कडक.

धर्मपालनं नख रोवून पाहिलं. "लय कडक आहे बाप्पा. खाली हा एक बसवू. झटका सारा खालीच येते. बाजूले दोन नवे कंपनीचे, रबराचेच घे."

"काका, मी तीन घेतले ते घरात ठेवाले का?"

"गाडी थरथर करन."

"करू द्या. ताकदीची गाडी आहे, थोडी तर करनच."

पूर्वीचा धर्मपाल अर्धा तास भांडला असता. ऐकत नाही म्हणून एका ट्रॅक्टरवाल्याला चावी परत देताना मी त्याला पाहिलं आहे. त्या दिवशी तो नुसता म्हणाला, "बरं." आणि जॅक ओढत आणला.

या कामात त्याची एक पद्धत आहे. ऑइल चेंबरखाली लाकडी फळी, फळीखाली जॅक, इंजिन तोललेलं. जुने फाउंडेशन काढायचे, नवे बसवायचे, पण बोल्ट अर्धेच आवळायचे. मग जॅक सोडायचा, इंजिन चालू करायचं, वर हात ठेवायचा. इंजिन थोडं इकडं तिकडं सरकतं, आपली जागा शोधतं. ती सापडली की हाताला कळतं, थरथर उतरते. तिथंच बोल्ट आवळायचे. नाही तर नवा फाउंडेशन पिरगळलेलाच राहतो. त्यानं सगळं तसंच केलं. हात ठेवला, डोळे मिटले, जरा जास्तच वेळ मिटले. मग बोल्ट आवळले आणि म्हणाला, "जा."

तिसऱ्या दिवशी इंद्रजित परत आला.

"काका, बंदुकीवाणी सुटते. चाकं उडणं बंद, आवाज बंद. पण आरशात पाह्यलं तर मागची एक गाडी चार दिसते. माय माही म्हणते, याच्यापेक्षा मी थ्रेशरवर बसून जातो."

धर्मपालनं हात पुसला, इंजिनावर ठेवला, डोळे मिटले. "ठीक तर आहे."

"ठीक?"

मी बाकावरून उठलो. माझे गुडघे असे की मी उठतो म्हणजे काहीतरी झालंच असं लोक समजतात. मी धर्मपालच्या हाताशेजारी माझा हात ठेवला. कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या आणि तोंडात कवळी वाजायला लागली. मी त्याच्याकडं पाहिलं. त्यानं डोळे उघडले होते, पण हात उचलला नव्हता, जणू अजून काही कळेल म्हणून वाट पाहत होता.

मी इंद्रजितला म्हणालो, "गाडी ठेवून जा. उद्या घे."

"बापूजी, तुमी कधीपासून मेकॅनिक झाले?"

"तुह्या बापाच्या लग्नाच्या अगोदरपासून. जा, तुही एसटी निघून जाईन."

तो गेला. धर्मपाल उलट्या डब्यावर बसला. दिवसाउजेडी तो बसलेला मी पहिल्यांदा पाहिला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"होळीपासून." मग तळहाताकडं पाहत, "बापूजी, काहीच लागत नाही. गरम लागत नाही, थरथर लागत नाही. लाकूड ठेवल्यावाणी आहे. चाळीस वर्षं लोक माह्या हातासाठी येत होते. आता मी त्याहिले काय देऊन राह्यलो?"

मी दुसरा डबा उलटा करून त्याच्याशेजारी बसलो.

तीनच्या सुमाराला तुळसाबाई शेतातली कापूस वेचाई करून परस्पर इकडेच आली. कमरेला ओटीचं फडकं बांधलेलं, केसांत कापसाची तुसं. नवऱ्याला बसलेला पाहून ती तिथंच थांबली.

"बापूजीले सांगतलं वाटते," ती म्हणाली.

"समजलं त्याहिले."

"बरं झालं. मी एकटीच किती दिवस पोटात ठेवू?" मग गाडीकडं पाहून, "ह्या गाडीचं काय आहे?"

त्यानं सांगितलं. बाजूचे दोन कडक काढून रबराचे टाकायचे, खालचा कडकच ठेवायचा. दुकानातून जोडी आणता येईल, बसवताही येईल. "पण बसवून आवळू कुठं? मले जागाच समजत नाही." मग माझ्याकडं पाहून, "बापूजी, तुमचा हात?"

मी म्हणालो, "माह्या हाताले नुसतं वाजते तेवढं समजते. जिनिंगमध्ये काय दिवे लावले, तुले मालूम आहे."

तुळसाबाईनं आपले दोन्ही हात पुढं केले आणि पाहिले. बोंडांच्या टोकांनी बोटं चिरलेली, काही चिरा ताज्या.

"तुहे हात तर फाटून गेले," धर्मपाल म्हणाला.

"फाटले म्हणून तं सारं लागते. आंघोळीचं पाणीही लागते."

तो उठला. वणीच्या दुकानातून दोन फाउंडेशन एका टेम्पोवाल्यानं आणून दिले. धर्मपालनं ते बसवले, बोल्ट अर्धे आवळले, जॅक सोडला, मला आत बसवून चावी फिरवायला लावली. मग त्यानं तुळसाबाईचं मनगट धरलं आणि तिचा तळहात इंजिनावर बरोबर त्याच जागी ठेवला.

"दाबू नको. नुसता राहू दे."

"मुंग्या येऊन राह्यल्या."

"येऊ दे. कमी होते का पाह्य." त्यानं टॉमीच्या लोखंडी दांड्यानं इंजिन किंचित उजवीकडं रेटलं.

"जास्त झालं."

डावीकडं रेटलं.

"आता जरासं... अजून. अजून. थांबा." तिनंही डोळे मिटले होते, कोणी सांगितलं नव्हतं. "आता रवंथ करत्या म्हशीच्या पोटावर हात ठेवल्यावाणी लागते."

"तेच," धर्मपाल म्हणाला, आणि वाकून बोल्ट आवळायला लागला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. मी चावी बंद केली आणि निंबाकडं पाहत बसलो.

दुसऱ्या दिवशी इंद्रजितनं गाडी घाटापर्यंत पळवून आणली. चाक उडालं नाही, आरशात एक गाडी एकच दिसली. उतरून म्हणाला, "काका, आता बरोबर झालं. पण तुमी हात ठेवून ‘जा’ म्हटलं नाही."

खोटं बोलायची ही सोपी वेळ होती. हात पुसून ठेवायचा, एवढंच.

"माह्या हातात आता काही राह्यलं नाही, इंद्रजित," धर्मपाल म्हणाला. "मागच्या खेपेले मले समजलंच नव्हतं. काल तुह्या काकूनं पाह्यलं. तिलेच विचार."

इंद्रजितनं आधी त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. तुळसाबाई तेव्हा जेवणाचा डबा ठेवून शेताकडं निघाली होती.

"काकू," तो म्हणाला, "जाऊ का मी?"

तिला आधी कळेना. मग तिनं मागं येऊन बोनेटवर हात ठेवला, काढला. "जा. अन् मायले घेऊन बसव आता."

तो गेल्यावर तिचा तळहात कालच्या इंजिनाच्या तेलानं अजून काळाच दिसला. तिनं ओटीतला कापसाचा बोळा काढून घासला. काळं जाईना.

"आता हे शेतात कापसाले लागन," ती म्हणाली.

"रॉकेलनं निघते," धर्मपाल म्हणाला. तो पुन्हा डब्यावर बसला होता. "चार दिवस लागते पुरं निघाले."

तिनं बोळा फेकला आणि ओटी खोचली. "मंग राहू द्या. दुपारी कोनाची गाडी आहे?"

"टेम्पोवाल्याची. तीन वाजता."

"येतो," म्हणून ती निघाली.