वाळूतला बांबू

तो लाँचवर सारंग, म्हणजे सुकाणू धरणारा, होता आणि मी अलिबागच्या फौजदारी कोर्टात कारकून. तारखेच्या दिवशी आमची गाठ पडायची. बाकावर बसूनही तो खिडकीतून वारा बघायचा आणि दर वाक्याला "बरं का भाऊसाहेब" म्हणायचा.

पावसाळ्यानंतर खाडीच्या तोंडाशी नवी वाळू साचली होती. त्याची लाँच तिच्यावर चढून कलंडली, उतारू जखमी झाले. बंदर कचेरीने तिथे खूण लावली नव्हती, पण निष्काळजीपणाचा खटला झाला तो एकट्या सारंगावर. परवानाही गेला.

एका तारखेला त्याच्या तळहातांवर फोड दिसले. होडीने जाऊन त्याने त्या वाळूत बांबू रोवला होता, वर लाल फडकं बांधून.

मी घाबरलो. "अहो, वाळू तुम्हाला आधीपासून ठाऊक होती, असा अर्थ काढतील!"

"काढू देत. दुसरी लाँच रोज तिथनंच जाते. तिच्यात मान्सं हायत का न्हाय?"

सरकारी वकिलाने कोर्टात बांबूचा विषय उकरून काढलाच. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, तेव्हा सारंग म्हणाला, "मीच रोवला. आपटल्यावर कळलं, बरं का साहेब, तिथं वाळू हाय."

मॅजिस्ट्रेट साक्षीला आलेल्या बंदर कचेरीच्या साहेबाकडे वळले. "आणि तुम्हाला कधी कळलं?"

साहेब कागद चाळू लागला. खूण लावणं कचेरीचं काम होतं, असं ठरून सारंग सुटला.

परवाना परत मिळाल्यावर पहिल्या फेरीला मी मुद्दाम धक्क्यावर गेलो. अपघातात हात मोडलेली कोळीण टोपली घेऊन सगळ्यांच्या आधी लाँचवर चढली.

"चल रं दादा," ती त्याला म्हणाली, "बाजार उठंल."