हॅन्डलवर बाबा: धायरी ते सिंहगड, सायकलने

सिंहगडावर सायकलने जायचं हे मी कधी स्वप्नातही पाहिलं नव्हतं. रागाच्या भरात तोंडातून निघालं आणि हिंगणघाटला खुर्चीत बसलेल्या माझ्या बाबांनी ते तिथल्या तिथे पक्कं करून टाकलं.

बाबा एका जिनिंग फॅक्टरीतले निवृत्त हिशेबनीस. नोकरीची सगळी वर्षं घर ते फॅक्टरी सायकलवर गेली. संक्रांतीनंतर त्यांना अर्धांगवायूचा हलका झटका आला. हात सावरला, बोलणं सावरलं, डावा पाय मात्र रुसून बसला. डॉक्टर म्हणाले, चालवा यांना, नाही चालले तर पाय कायमचा जाईल. बाबा भिंतीला धरून न्हाणीपर्यंत जायचे आणि परत येऊन खुर्चीत बसायचे. मी पुण्याहून काठी घेऊन गेले होते. ती प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट कोपऱ्यात उभी राहिली. "गल्लीतल्या लोकायसमोर काठी टेकत फिरू का मी?" विषय संपला. मग बसल्या जागी पाय फिरवायचं पेडलचं यंत्र आणलं, तर म्हणाले, "याले चाक कुठी आहे? ज्याले चाक नाही ते काय चालवायचं?"

मी धायरीला राहते आणि नोकरी हडपसरला, म्हणजे अख्खं शहर रोज दोनदा ओलांडते. सगळ्या घाईत सकाळचा व्हिडिओ कॉल मात्र चुकवत नाही. हिंगणघाटच्या आमच्या घरात रेंज मिळते ती बैठकीतल्या खिडकीपाशी, आणि तीही लहरीवर. फोन तुटला की उठून बाहेर, फाटकापाशी कडुनिंबाखाली जायचं, हा घरातला जुना रिवाज आहे. तिथे हमखास लागतो. आजारपणानंतर बाबांच्या वतीने आईच फोन घेऊन फाटकापर्यंत पळायची.

एप्रिलमधल्या एका कॉलवर पुन्हा त्याच पेडलवरून वाजलं. मी वैतागून म्हणाले, "मी सायकलने सिंहगड चढून दाखवला तर फिरवाल का?"

बाबा एकदम सावरून बसले. आयुष्यभर कापसाचे सौदे कागदावर उतरवलेला माणूस. "थांबून थांबून गेली तं चालते," ते म्हणाले. "पण ढकलत नेली तं सौदा मोडला. तू वर पोचेपर्यंत मी इथं पाय फिरवतो. मले फोनवर दिसलं पाहिजे."

मी शेवटची सायकल दहावीत चालवली होती. तरी हो म्हणाले, कारण कित्येक दिवसांत त्यांनी पहिल्यांदा स्वतःहून काही मागितलं होतं.

माझा नवरा मंदार अस्सल पेठेतला. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गडावर रस्ता जातो, जीप जाते, आपली स्कूटर जाते. तुला वेगळं काही सिद्ध करायचंय का?" मी म्हटलं, हो. तर दुसऱ्या दिवशी त्याने माळ्यावर धूळ खात पडलेली स्वतःची गिअरची सायकल काढून, तेलपाणी करून ठेवली. महिनाभर मी सकाळी नांदेड फाट्यापर्यंत जाऊन यायचे. सोसायटीच्या फाटकात रोज भेटणारे एक काका तिसऱ्याच दिवशी म्हणाले, "गाडी विकली वाटतं?" त्यांना माझ्यातर्फे एवढंच सांगते की गाडी अजून आहे आणि माझ्या मांड्याही अजून आहेत.

मे महिन्यातल्या एका रविवारी उजाडता उजाडता निघालो. निघालो म्हणजे मी सायकलवर, मंदार आणि आमची बारा वर्षांची सई स्कूटरवर. सामानात पाणी, चिक्की, कांदा (उन्हाळ्यात तो खिशात ठेवायचाच असं आईचं म्हणणं), पंक्चरचं सामान आणि पॉवर बँक. सईने हॅन्डलवर फोन लावायची क्लिप बसवली होती. त्यात आजोबांना अडकवलं आणि त्यांना बजावलं, "आजोबा, मध्ये मध्ये आईला ओरडायचं नाही. ती घाबरते."

"तू मले शिकवू नको," आजोबा म्हणाले. त्यांच्या पायाखाली ते पेडलचं यंत्र होतं. आई शेजारी दिसत नव्हती, म्हणून विचारलं. "गच्चीवर कुरड्या घालून राहिली. ऊन चढायच्या आत उरकते म्हणे." आणि मग, फारच उपकार केल्यासारखा, त्यांचा डावा पाय हलला.

हा रस्ता ज्यांना करायचाय त्यांच्यासाठी थोडं कामाचं. धायरी फाट्यावरून सिंहगड रस्त्याला लागलं की किरकटवाडीपर्यंत घरं आणि दुकानं संपतच नाहीत. रविवारी सकाळी गर्दी कमी असते, पण दुधाच्या गाड्या आणि गडावर निघालेले मोटरसायकलवाले यांच्यापासून सांभाळून. डावीकडची कड सोडू नका, खडी असते. एकूण अंतर बावीस-तेवीस किलोमीटर, त्यातलं शेवटचं घाटाचं जेवढं आहे तेवढंच खरं. बाकी सगळं त्याची तयारी.

खडकवासल्याच्या धरणापाशी पहिला थांबा घेतला. भिंतीवर फिरायला आलेले आजी-आजोबा, पाण्यावरून येणारा गार वारा, आणि टपरीवर वाफाळते पोहे. चहा-पोह्यांत तिघांचं पोट किरकोळ पैशांत भरतं. मी फोन पाण्याकडे फिरवून बाबांना धरण दाखवलं.

"पाणी कमी दिसते," बाबा म्हणाले.

"मे महिना आहे बाबा."

"मंग बरोबर आहे. तू काऊन थांबली पण? मी थांबलो का?"

खरंच थांबले नव्हते. श्वास लागलेला ऐकू येत होता, पण स्क्रीनच्या खालच्या कडेला त्यांचा गुडघा वर-खाली होत होता. मी अर्धा चहा टाकला आणि सायकलवर बसले. मागून मंदारचा आवाज आला, "चहाचे पैसे दिलेत म्हटलं मी, तो काही फुकट नव्हता."

धरणापासून डोणज्यापर्यंतचा रस्ता सुरेख. एका बाजूला पाणी, मध्ये झाडं, आंब्याच्या पाट्या घेऊन बसलेल्या बायका. तिथे बाबांनी मला गिअर शिकवायचा प्रयत्न केला. गिअरची सायकल त्यांनी जन्मात चालवलेली नाही. "चढ यायच्या आधी बदल, चढावर नको," असं सांगितलं आणि ते बरोबरच निघालं. मी विचारलं, तुम्हाला कसं माहीत? "मोबाईलवर पाह्यलं. तुह्यासाठीच पाह्यलं न." हे ऐकून मला जोर चढला. खोटं कशाला बोलू, डोळ्यांतही पाणी आलं, आणि त्या भानगडीत एका खड्ड्यातून सायकल गेली.

पायथ्याच्या गोळेवाडीत गाड्यांना नाक्यावर पावती फाडावी लागते. सायकलकडे कुणी पाहिलंही नाही. मंदार आणि सई स्कूटरने वर जाऊन थांबणार होते. निघताना मंदार सहज म्हणाला, "घाटात रेंज जाते हां मध्ये मध्ये." मी मान हलवली. डोक्यात चढ होता, त्याचं बोलणं कुठल्या कुठे गेलं. बाबांना हे आधी सांगून ठेवायला हवं, एवढंही सुचलं नाही.

घाट सुरू झाला. पहिल्या वळणापर्यंत मी फुशारकीत होते. दुसऱ्या वळणानंतर सगळ्यात हलका गिअर टाकला आणि त्यानंतर त्याच्याखाली आणखी एखादा असता तर बरं झालं असतं असं वाटत राहिलं. ऊन अजून कोवळं होतं तरी घाम हनुवटीवरून हॅन्डलवर टपकत होता. बाबा काहीतरी म्हणत होते, "हळू, हळू, घाई नको करू", आणि वाक्याच्या मधेच चित्र गोठलं. मग गोल गोल फिरणारं चिन्ह आलं, आणि मग कॉल तुटला.

मी पाय टेकवून थांबले. फोन लावला. नाही. पुन्हा लावला. नाही. रेंजच्या जागी फुली.

आता खरं सांगते. त्या क्षणी मला पहिली आठवण बाबांची नाही झाली. पहिली आठवण ही झाली की आता मी दिसत नाहीये. ढकलत नेली तर कुणाला कळणार आहे? आणि माझं नशीब असं की अगदी तेव्हाच खालून प्रवासी जीप आली आणि शेजारी थांबली. चालकाने मान बाहेर काढली.

"ताई, म्होरं लय चढ हाय. सायकल टपावर टाकतो, बसा मागं."

मागे बसलेल्या एक बाई लगेच सरकून जागा करायला लागल्या. "या की, किती घामाघूम झालायत!"

मी जीपकडे पाहिलं. टपाकडे पाहिलं. आणि मग बाबांचा तो वर-खाली होणारा गुडघा डोळ्यांसमोर आला. त्यांनाही तर मी दिसत नव्हते आता. त्यांनी थांबायचं ठरवलं तर त्यांना कोण पाहणार होतं? आई गच्चीवर. म्हणजे दोघांचाही सौदा एकमेकांच्या शब्दावरच टिकून होता. मी जीपमध्ये बसले असते तर नंतर त्यांना काय तोंडाने विचारणार होते, पाय फिरवला का म्हणून?

"नको दादा, जाते मी," मी म्हटलं.

"बघा बा," तो म्हणाला, "परत यायला दुपार व्हईल मला." आणि जीप गेली.

त्यानंतरचं वर्णन करण्यासारखं काही नाही. एक वळण, थांबा, पाणी. एक वळण, थांबा, पाणी. एका ठिकाणी उतरले ती सरळ कठड्यावरच बसले, चिक्की खाल्ली आणि मनातल्या मनात बाबांना भरपूर बोलून घेतलं. पण एक पाऊलही ढकलत नेली नाही. मोटरसायकलवरून जाणारी पोरं "कम ऑन काकू" म्हणून ओरडली. काकू म्हटल्याचा राग आला आणि त्या रागावर एक अख्खं वळण पार पडलं.

वर गाडीतळाशी पोचले तेव्हा सई धावत आली. मंदार दह्याचं मडकं हातात घेऊन उभा होता. "उशीर झाला तसा," तो म्हणाला आणि सायकल माझ्या हातातून काढून घेतली. त्याचे डोळे लाल होते. धूळ गेली म्हणाला.

मी दह्याला हात लावायच्या आत फोन पाहिला. रेंज होती. आणि बाबांचे कितीतरी कॉल येऊन गेले होते. लावला.

लगेच उचलला. चित्र आलं, पण ते बैठकीचं नव्हतं. कूलर नव्हता, खिडकी नव्हती. बाबांच्या डोक्यामागे हिरव्या डहाळ्या हलत होत्या, आणि त्यांच्याही मागे समोरच्या घराचा निळा नळ.

"पोचली का?" बाबा ओरडले. "ढकलली तं नाही?"

"नाही ढकलली. बाबा, तुम्ही कुठे आहात?"

"कुठी म्हणजे? फाटकापाशी. फोन कटला न. आतमंधी रेंज नाही राहत, तुले माहीत नाही का? कवाचा उभा आहो इथं."

बैठकीतून ओसरी, ओसरीच्या पायऱ्या, पूर्ण अंगण. संक्रांतीपासून जो माणूस न्हाणीपलीकडे गेला नव्हता, तो फोन तुटला म्हणून घरच्या रिवाजाप्रमाणे उठून फाटकापाशी गेला होता. फोन हलला तेव्हा त्यांचा दुसरा हात दिसला. हातात काठी होती. तिच्या मुठीला प्लॅस्टिक अजून तसंच होतं. समोरून कुणीतरी "काय म्हणता भाऊ, बरे आहा का?" असं विचारून गेलं आणि बाबा सहज म्हणाले, "हो हो, पोरगी गड चढून राहिली."

तेवढ्यात गच्चीवरून आईचा आवाज आला. "अवो! तुमी खाली कसे?" मग धावत उतरणाऱ्या पावलांचा आवाज, आणि कुरडईच्या चिकाने माखलेले तिचे हात स्क्रीनभर.

सईने विचारलं, "आई, तू रडतेस का?" मी म्हटलं, हो. आणि रडले. चांगली भरपूर.

गडावर मग आम्ही सगळ्यांनी करावं तेच केलं. पिठलं-भाकरी, ठेचा, कांदाभजी आणि दह्याचं आणखी एक मडकं. सुट्टीच्या दिवशी जागा मिळायला वेळ लागतो, म्हणून लवकर बसा. दर पायथ्यापेक्षा जास्त आहेत, पण त्या बायका पाणी-सरपण कुठून आणतात ते पाहिलं तर घासाघीस करायची इच्छा होत नाही. उतरताना ब्रेक तापतात, मधे मधे थांबत या. आणि घाटात रेंज जाते, हे घरच्यांना आधी सांगून ठेवा. किंवा नका सांगू.

घरी आल्यावर दोन दिवस जिने उतरताना कठडा धरत होते. मंदार म्हणाला, "काठी आणू का?" मी कठडा सोडून त्याचाच खांदा धरला.

सायकल आता माळ्यावर जात नाही. दारातच असते. पेडलचं यंत्र तिकडे आईने पलंगाखाली सरकवलंय, कारण बाबा आता सकाळचा कॉल फाटकापाशी उभं राहूनच करतात. आत रेंज नसते म्हणतात. पाय अजून ओढल्यासारखा पडतो, पण पडतो. काठीचं प्लॅस्टिक मागच्या आठवड्यात निघालं.

बाबा माझा ब्लॉग वाचतात, सावकाश, चष्मा वर-खाली करत. म्हणून शेवटचं त्यांच्यासाठी. बाबा, त्या दिवशी तुमची रेंज गेलीच नव्हती. गेली होती ती माझी, घाटात. तुम्ही बैठकीत बसून राहिला असतात तरी फोन लागायचा तेव्हाच लागला असता. हे पटत नसेल आणि वाद घालायचा असेल, तर फोन करा. फाटकापाशी जाऊन.