वारं सुटलं की बंद पडणारा ॲम्प्लिफायर

बायको गेल्यानंतरच्या वर्षभरात माझं ऐकणं हळूहळू कमी होत गेलं, आणि ते मी कुणालाच सांगितलं नाही. सांगायला घरात कुणी नव्हतंच. देवळांतले, मंगल कार्यालयांतले ॲम्प्लिफायर दुरुस्त करणं हा माझा सांगलीतला जन्माचा धंदा. ज्याचं पोट आवाजावर, त्याचेच कान गेले हे कळलं तर बोलावणार कोण? देवळात जायचो, मशीन दुरुस्त करायचो, पण गाभाऱ्याकडे बघायचं टाळायचो. हात जोडून मागावं असं काही उरलंच नव्हतं.

श्रावणात आटपाडीकडच्या एका गावातून भवानीच्या देवळाच्या गुरवांचा निरोप आला. दोन दिवसांनी सप्ताह बसणार होता आणि ॲम्प्लिफायर मधेच बंद पडत होता. सकाळच्या एसटीनं गेलो. मशीन उघडलं, धूळ काढली, पंखा साफ केला, सैल वाटले ते सोल्डरचे टाके पुन्हा मारले. तरी तेच. थोडा वेळ चालायचं, मग लाल दिवा लागून गप्प. असा येणारा-जाणारा बिघाड असला की मी आधी कान लावायचो. बंद पडण्यापूर्वी कुठल्या कर्ण्यात खरखर होते ते टिपायचो. आता मला काहीच कळेना. दुपारी गुरव जेवायला बोलवायला आले, तर भूक नाही म्हणालो. ताटावर बसलं की बोलणं आलं, आणि बोलताना माझं बिंग फुटेल ही धास्ती. ते गेल्यावर सभामंडपात एकटाच बसलो आणि कित्येक महिन्यांनी देवीकडे बघून मनात म्हणालो, आई, माझ्यानं आता होत नाही.

पायरीवर एक म्हातारी टेकली होती. तिची मेंढरं खालच्या माळावर चरत होती. ती कधी आली ते मला समजलंही नव्हतं. जवळ येऊन मोठ्यानं म्हणाली, "आवं, मगाधरनं बघतीय मी. वारं आलं की तुमचं मशीन बंद पडतंय. वरचा पत्रा हालतोय बगा."

मी शिडी लावली. पत्र्याच्या कडेवर कर्ण्याची वायर घासून सोलली गेली होती. पत्रा हलला की आतल्या दोन्ही तारा एकमेकींना टेकत आणि मशीन बंद पडे. मशीनमध्ये दोष नव्हताच. नवी वायर ओढून खाली उतरलो तोवर म्हातारी निघून गेली होती. गुरव आल्यावर त्यांना विचारलं, तर म्हणाले, "माळावर लय जणी येत्यात. कुणाचं नाव सांगू?"

आवाज जुळवायचा तेवढा राहिला होता. वर्षभर मी तो अंदाजानंच जुळवत आलो होतो. त्या दिवशी मात्र गुरवांसमोर तोंडातून निघून गेलं, "मामा, मला नीट ऐकू येत नाही. तुम्ही मागं उभं राहून सांगता का?"

"व्हय की, त्यात काय!" म्हणत ते शेवटच्या खांबापाशी जाऊन उभे राहिले. हात वर केला की मी आवाज वाढवायचो, खाली केला की कमी करायचो. शेवटी त्यांनी तळहात स्थिर धरला. मग आम्ही दोघं ओट्यावर जेवायला बसलो, आणि बायको कशी गेली ते मी त्यांना सगळं सांगितलं.

माझे कान काही परत आले नाहीत. आपल्याजवळ नाही ते दुसऱ्याकडे मागायची लाज तेवढी आईनं काढून घेतली. तिचे उपकार मानायला मला एवढं पुष्कळ आहे.